गाडीचं पासिंग: आठ दिवस आधीपासूनची तयारी

आमची पिकअप २०१७ सालची. संध्याकाळी नाशिकच्या म्हसरूळहून पालेभाजी, कोथिंबीर भरायची, रात्री कसारा घाट उतरायचा, उजाडायच्या आत वाशीच्या मार्केटला माल टाकायचा आणि सकाळी रिकामी गाडी घेऊन परत यायचं. द्राक्षाचा हंगाम लागला की दिंडोरीकडच्या बागांमधले क्रेट. गाडी माझ्या नावावर आहे, चालवतो माझा धाकटा दीर. विमा, टायर, सर्व्हिसिंग आणि पासिंग हे सगळं मी बघते. आमच्या ओळीतल्या दोघा-तिघांनी विचारलं, "वहिनी, पासिंग तुम्ही एकट्या कशा करून आणता?" म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पासिंग म्हणजे योग्यता (फिटनेस) प्रमाणपत्र, नमुना ३८. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे भाड्याच्या किंवा मालाच्या गाडीची नोंदणी हे प्रमाणपत्र असेल तरच वैध धरतात. म्हणजे पासिंग संपलेली गाडी रस्त्यावर असली तरी कायद्याच्या दृष्टीने तिची नोंदणीच नाही. अशा गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी दाव्यावर अडून बसू शकते, आणि तेव्हा आपल्याकडे दाखवायला काही नसतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत प्रमाणपत्र दोन वर्षांचं मिळतं, त्यानंतर एकेका वर्षाचं. आमच्या गाडीला आठ वर्षं झाली, त्यामुळे आता दरवर्षी जावं लागणार.

आमची तारीख डिसेंबर अखेरची. जानेवारीत द्राक्ष सुरू होतात, त्या दिवसांत गाडी एक दिवस उभी राहिली तरी बागाईतदार दुसरी गाडी बघतो आणि मग पुढचा सगळा हंगाम त्याच गाडीला देतो. म्हणून मी महिनाभर आधी अर्ज करते आणि तपासणीच्या तारखेच्या आधीचे आठ दिवस गाडीच्या तयारीला ठेवते. दोष निघाला तर दुरुस्तीला वेळ हातात राहतो.

आधी कागद

अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर, वाहन सेवांमध्ये. गाडीचा नंबर, चेसिस नंबरचे (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर) शेवटचे पाच आकडे आणि मोबाइलवर येणारा ओटीपी. इथेच निम्मे लोक अडकतात, कारण आरसीला, म्हणजे नोंदणीच्या कागदाला, लावलेला मोबाइल नंबर जुना असतो किंवा गाडी ज्या एजंटकडून घेतली त्याचा असतो. तो आधी बदलून घ्या. फी ऑनलाइनच भरायची, पावती लगेच येते, मग तपासणीची तारीख निवडायची. मी मंगळवार-बुधवार बघते. सोमवारी आमच्याकडे मालाची गर्दी असते.

बरोबर न्यायचं ते एवढंच: आरसी, चालू विमा, पीयूसी, जुनं फिटनेस, फीची पावती, टॅक्स भरल्याचा कागद आणि चालवणाऱ्याचं लायसन्स. आमच्या गाडीचं मालासकट वजन ३,००० किलोच्या आत बसतं म्हणून परमिट लागत नाही, मोठ्या गाडीला तेही लागेल. ई-चलन बाकी असेल तर भरून टाका. आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्या, त्या पाटीशिवाय आरटीओतली कामं अडतात. पाटीची तारीख मिळायलाही वेळ लागतो, ते काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

२०२३ साली काय झालं

त्या वर्षी मी पासिंग एजंटवर सोपवलं होतं. मुलीची परीक्षा होती, मी गेले नाही. दुपारी दिराचा फोन आला, "वहिनी, गाडी फेल झाली. ब्रेक." मला राग आला. गाडी आदल्याच रात्री घाट उतरून आली होती, ब्रेकला काय झालं म्हणून मी उलट त्यालाच विचारलं.

कागद बघितला तर मागच्या दोन चाकांच्या ब्रेकच्या जोरात मोठा फरक लिहिलेला. उजवं चाक धरत होतं, डावं जवळजवळ नाहीच. गॅरेजला नेली. मेस्त्रींनी ड्रम, म्हणजे चाकामागचा ब्रेकचा गोल डबा, काढला आणि मला जवळ बोलावलं. "ताई, हे बघा." व्हील सिलेंडरमधून ब्रेक ऑइल झिरपत होतं आणि सगळं लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी पट्टी, तेलात भिजलेलं. तेल लागलेलं लायनर ड्रमला धरत नाही, नुसतं घसरतं. दिराला विचारलं तर म्हणाला, पायडल महिनाभर जरा खाली जात होतं, दोनदा दाबलं की लागायचं. त्याला त्याची सवय झाली होती. रोज चालवणाऱ्याच्या पायाला हे हळूहळू होणारं बिघडणं कळत नाही, तो आपोआप थोडा आधी ब्रेक दाबायला लागतो.

महिनाभर माझा दीर हजार-बाराशे किलो माल घेऊन तसल्या ब्रेकवर रोज कसारा उतरत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. यंत्राने गाडी फेल केली म्हणून ते कळलं. तेव्हापासून पासिंगला मी स्वतः जाते आणि ड्रम उघडायला लावल्याशिवाय गाडी नेत नाही.

एक ऐकून ठेवा. लायनर, सिलेंडर काहीही बदलायचं तर एका एक्सलच्या (समोरासमोरच्या दोन चाकांच्या दांड्याच्या) दोन्ही बाजूंचं बदला. एकाच बाजूला नवं लायनर टाकलं तर दोन्हीकडचा जोर पुन्हा वेगळा होतो आणि गाडी एका अंगाला ओढते. ब्रेक ऑइलही दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि ओलावा धरलेलं ऑइल घाटात ब्रेक तापले की उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पायडल मऊ पडतं. नुसतं वरून भर घालून भागत नाही. जुनं काढून, एअर काढून, नवं भरायचं.

घरच्या घरी तपासायच्या गोष्टी

गॅरेजला न्यायच्या आधी मी दिराला बसवून हे सगळं करते. एक संध्याकाळ पुरते.

रिकाम्या सरळ रस्त्यावर वीस-पंचवीसच्या वेगात, स्टेअरिंग हलकं धरून ब्रेक लावा. गाडी डावी-उजवीकडे झुकली तर एका बाजूचा ब्रेक कमी धरतो आहे. मग पाच-सहा किलोमीटर नेहमीसारखी चालवून या, थांबा आणि प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ तळहाताची मागची बाजू न्या. हात टेकवू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा गार लागलं तर त्याचा ब्रेक काम करत नाही. एक फार तापलेलं असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाही. टायरच्या आतल्या बाजूला ओला काळा डाग दिसला तर दुसरं काही बघू नका, सरळ गॅरेजला जा. हँडब्रेक चढावर तपासायचा: गाडी न्यूट्रलला, पाय ब्रेकवरून उचललेला, गाडी जागची हलता कामा नये. ओट्यावर चढवून चाकाला दगड लावायची सवय असलेल्यांचे हँडब्रेक बहुतेक ढिले असतात, कारण ते कधी लागतच नाहीत.

टायरवर कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी खूण असते. तिच्या रेषेत खोबणीत बघा, तळाशी एक उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली, टायर बाद. टायर आतल्या कडेनेच जास्त झिजला असेल तर नवा टाकण्याआधी अलाइनमेंट करा, म्हणजे चाकं सरळ रेषेत लावून घ्या, नाहीतर नवाही तसाच जाईल. स्टेपनीही चारांसारखीच बघा. आणि हे मला फार मनापासून सांगायचं आहे: काही जण पासिंगपुरते ओळखीच्याचे चांगले टायर लावतात आणि घरी आले की आपले गुळगुळीत पुन्हा चढवतात. पावसात इगतपुरीच्या पुढे ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. गाडीत आपलाच माणूस बसलेला असतो.

पुढचं चाक जॅकवर उचला, मागे दगड लावून. टायर वरून-खालून धरून हलवा, खटखट आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडून धरून हलवताना खटखट आली तर टाय रॉडचं टोक. पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) मोजा, एखादा तडकलेला असला तर मातीखाली दिसत नाही, म्हणून आधी खालून पाणी मारून घ्या. बागेतला चिखल सुकला की सिमेंटसारखा बसतो.

दिवे रात्रीच तपासायचे. सपाट जागेवर भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर हवी. डिपर, म्हणजे खालचा लाइट, लावला की प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीच्या खाली राहिली पाहिजे आणि डाव्या अंगाला थोडी पसरली पाहिजे. आमचा एक दिवा क्रेट भरताना धक्का लागून वर गेला होता, समोरचे लोक लाइट मारायचे तेव्हा दिराला वाटायचं उगाच मारतात. इंडिकेटर, ब्रेक लाइट, रिव्हर्सचा दिवा, नंबरप्लेटवरचा दिवा, हे एकाने आत बसून आणि एकाने मागे उभं राहून बघायचं. घरातली मुलं हे काम आवडीने करतात.

रेडियम पट्टी पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. ताडपत्रीची दोरी घासून मागची लाल पट्टी निघते, आमची दरवर्षी निघते. मान्यताप्राप्त कंपनीचीच घ्या आणि पावती जपून ठेवा. रस्त्याकडेला रात्री बंद पडलेली गाडी मागच्याला दिसते ती या पट्टीमुळेच, त्यामुळे वर्षभर ती पुसलेली असावी.

बाकी वायपर, पाण्याचा फवारा, आरसे, काचेला तडा, हॉर्न, सीट बेल्ट, स्पीडोमीटर. प्रेशर हॉर्न, पुढचं लोखंडी जादा बंपर आणि वरचे जादा एलईडी दिवे काढून टाका, ते चालत नाहीत. हौद्याच्या फाळक्यांवर उंची वाढवायला जाळी वेल्डिंग करून घेतली असेल तर तीही गाडीच्या मूळ बांधणीतला बदल धरतात. मालगाडीला वेग ताशी ८० वर रोखणारा स्पीड गव्हर्नर लागतो. त्याची वायर कुणी काढून ठेवली असेल तर आत्ताच जोडून घ्या.

गॅरेजला काय सांगायचं

"पासिंगला न्यायची आहे, बघा जरा" एवढंच सांगू नका. मग गाडी धुऊन, एक बल्ब बदलून परत मिळते. मी चिठ्ठीवर लिहून देते: चारही चाकांचे ब्रेक उघडून दाखवा, हँडब्रेकची केबल ताणा, एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बघा, फोकस सेट करा, अलाइनमेंट करा. आणि शक्य असेल तर तिथे उभी राहते. आमचे मेस्त्री आता मला बघून स्वतःच ड्रम काढून ठेवतात. खर्च होतो, पण त्यातलं बहुतेक काम कधी ना कधी करायचंच असतं.

चेसिस नंबर कुठे कोरला आहे ते आधी शोधून ठेवा. रॉकेल लावलेल्या फडक्याने पुसा, आकडा न आकडा वाचता आला पाहिजे. गंजलेला असेल तर घासकाम करताना आकडे पुसट होणार नाहीत हे बघा. पॉलिश पेपर मुळीच वापरू नका.

पीयूसी मी तपासणीच्या आधी नवी काढते, आणि गाडी गरम असताना. थंड डिझेल इंजिन जास्त धूर सोडतं आणि आकडा उगाच वर जातो. दिंडोरी रोडने वीसेक किलोमीटरची फेरी मारून आलं की इंजिन नीट तापतं. पासिंगच्या दिवशीही हेच करा. रात्रभर उभी गाडी सकाळी थेट यंत्रावर नेऊ नका, गाडी तापलेली आणि ब्रेकवरचा दवाचा गंज निघालेला असावा.

तपासणीच्या दिवशी

गाडी पूर्ण रिकामी. क्रेट, दोर, ताडपत्री, काही ठेवायचं नाही. जॅक, पाना, त्रिकोण, प्रथमोपचार पेटी जागेवर. टायरची हवा सकाळीच बरोबर करून घ्या, त्यावर ब्रेकचा आणि दिव्यांचा आकडा अवलंबून असतो. आम्ही नऊच्या आधी पेठ रोडच्या आरटीओला पोहोचतो. म्हसरूळहून जवळ आहे, पण आरटीओ कॉर्नरला सकाळी गाड्या तुंबतात. लांबून येणाऱ्यांनी आदल्या रात्री नाशिकला कुणाकडे तरी मुक्काम केलेला बरा.

आधी कागद बघतात, मग गाडीवरचा नंबर, चेसिस नंबर आणि आरसी जुळवतात. त्यानंतर यंत्र. ब्रेकच्या यंत्रावर एका वेळी एका एक्सलची दोन चाकं रोलरवर उभी राहतात. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला. रोलर चाकं फिरवतात आणि सांगितलं की ब्रेक हळूहळू, पण शेवटपर्यंत दाबायचा. एकदम लाथ मारल्यासारखा दाबला तर गाडी रोलरवरून उसळते आणि आकडा नीट येत नाही. दोन्ही चाकांचा जोर वेगवेगळा मोजला जातो, म्हणूनच रस्त्यावर न कळणारा फरक इथे उघडा पडतो. मागच्या एक्सलवर हँडब्रेकही मोजतात. चाकं आडवी सरकतात का ते मोजणाऱ्या साइड स्लिपच्या पट्टीवरून जाताना गाडी सरळ आणि सावकाश न्यायची, स्टेअरिंगला हात लावून दुरुस्ती करत बसायचं नाही. दिव्यासमोर फोकसचं यंत्र लावतात, धूर बघतात, हॉर्न वाजवून बघतात, आणि खालून सांधे, पाटे, सायलेन्सर, गळती. माझ्या दिराला पहिल्यांदा घाम फुटला होता. आता तो शांत असतो, कारण गाडीत काय आहे ते त्याला आधीच माहीत असतं.

तपासणारे जे सांगतील ते ऐका, प्रश्न असेल तर नीट विचारा. मी दरवेळी ब्रेकचे आकडे लिहून घेते. दोन वेळचे आकडे शेजारी ठेवले की कुठलं चाक कमी होत चाललं आहे ते दिसतं.

फेल झाली तर तिथे वाद घालून काही होत नाही. दोषाचा कागद घ्या, तो जसाच्या तसा मेस्त्रींना दाखवा, दोष काढा, ठरलेल्या मुदतीत फेरतपासणीची फी भरून पुन्हा न्या. जुन्या पासिंगची तारीख तोवर संपली असेल तर मधल्या दिवसांत माल भरू नका. आमचे २०२३ साली चार दिवस गेले. भाजीवाल्यांना शेजारची गाडी लावून दिली आणि भाडं त्या गाडीवाल्यालाच घेऊ दिलं.

घरची कार किंवा दुचाकी असेल तर

खासगी गाडीला हे दरवर्षीचं नाही. नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत. गाडी तपासणीला न्यावीच लागते, आणि वरची घरची तपासणी तिलाही तशीच लागू आहे. १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाची फी कारला ५,००० आणि दुचाकीला १,००० रुपये झाली. वीस वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून कारला १०,००० आणि दुचाकीला २,०००. त्याशिवाय पर्यावरण कर, जो अर्ज करतानाच दिसतो. उशीर झाला तर महिन्याला कारला ५०० आणि दुचाकीला ३०० रुपये चढत जातात. माझ्या भावाच्या दारातली जुनी कार अशीच वर्षभर राहिली आणि त्याला सहा हजार नुसते उशिराचे भरावे लागले. आरसी काढून तारीख आजच बघा.

प्रमाणपत्र मिळालं की

त्यावरचा नंबर, चेसिस नंबर आणि मुदत तिथेच वाचून घ्या. एका आकड्याची चूक नंतर दुरुस्त करायला पुन्हा फेऱ्या पडतात. मोबाइलमधल्या ॲपवर नवी तारीख आली का तेही दोन-चार दिवसांनी बघा, कारण घाटाखाली अडवलं तर तिथे तेच बघतात. एक प्रत गाडीत, एक घरी. आमच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलेला आहे, त्यावर फिटनेस, विमा, पीयूसी अशा तीन तारखा आणि चौथ्या ओळीत ब्रेक ऑइल कधी बदललं ते. दीर गाडीची किल्ली त्याच दारामागे अडकवतो.